एकच कान पुरे, वहिनी!

वहिनी, तुम्ही घाला कपडे वाळत, मी इथूनच बोलते. ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या साहेबांना पोवई नाक्यावर धरलं म्हणे! फोन कान आणि खांद्यात दाबलेला, मान वाकडी, आणि वर पोलिसालाच म्हणतात, "दोन्ही हात स्टिअरिंगवरच आहेत की!" बायकोचा अर्जंट फोन होता म्हणाले. बायको तर तेव्हा भिशीला माझ्या शेजारी बसलेली, फोन पर्समध्ये! असो, आपल्याला काय करायचंय. पण २०१९ साली कायदा बदलला तेव्हापासून हातात फोन धरून गाडी चालवणं १८४ कलमाखाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरतात. पहिल्याच खेपेला दंड एक हजारापासून पाच हजारांपर्यंत, शिवाय कैदही होऊ शकते.

भाऊजींसाठी हेडसेट बघताय ना? मग ते दोन्ही कानांत घालायचे पांढरे शेंगदाणे आणू नका. त्यातले महागडे तर बाहेरचा आवाजच मारून टाकतात. विमानात ठीक आहे हो, पण खंबाटकीच्या चढावर मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला तरी यांना पत्ता नाही. एका कानाचं मिळतं, ते बघा. माइकची छोटी दांडी तोंडाकडे आलेली असली तर उत्तमच. दिसायला कॉल सेंटरवाल्यासारखं दिसतं खरं, पण भाऊजींना काय आता मुली बघायला जायचंय?

माझा पुतण्या मोबाइलच्या दुकानात असतो ना, तो सांगतो, गिऱ्हाईक येतं, गाणं लावून बघतं, "बास काय भारी आहे!" म्हणतं आणि पैसे टाकून जातं. आता आपल्याला ऐकू येणारच, वहिनी. प्रश्न आहे पलीकडच्याला काय ऐकू जातं त्याचा. खोक्यावर 'नॉइज कॅन्सलेशन' छापलेलं असतं त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी लपतात. एक आपल्या कानातला गोंगाट कमी करते, दुसरी आपल्या माइकमधला. कॉलसाठी दुसरी हवी. आमच्या ह्यांनी न विचारता स्वस्तातलं उचललं होतं. गाडीची काच खाली केली की मला नुसता वारा! म्हणून घेण्याआधी दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून घरी फोन लावायचा आणि तुम्हाला विचारायचं, "ऐकू येतंय का?"

भाऊजींना चष्मा आहे, तेव्हा कानामागे अडकवायचं असेल तर चष्म्याच्या काडीसकट घालून बघू दे. आणि कंपनीचा फोन वेगळा आहे ना त्यांचा? मग 'मल्टिपॉइंट' विचारा, एकाच वेळी दोन्ही फोन जोडलेले राहतात. नुसत्या स्पर्शावर चालणारं नको. केस सारायला हात नेला तरी फोन उचलला जातो. दाबायचं बटण बरं. बॅटरीचं म्हणाल तर पुण्याला जाऊन यायला पाच-सहा तासांची पुष्कळ झाली.

गाडीतच ब्लूटूथ आहे म्हणता? मग कशाला खर्च... पण थांबा, समोरच्या बंगल्यातली गंमत माहितीये ना? मागच्या सीटवर सासूबाई, आणि जावेचा फोन गाडीच्या स्पीकरवर! अजून दोघींचं धड बोलणं नाही. घ्याच तुम्ही हेडसेट.

धाकटी आमची मानसशास्त्राला आहे. ती म्हणते, अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर म्हणून आहेत, त्यांनी सिम्युलेटरवर लोकांना गाडी चालवायला लावली. २००६ साली ते छापून आलं. फोन हातात असो की हँड्सफ्री, लक्ष सारखंच उडतं. शेजारी बसलेला माणूस वळण आलं की आपसूक गप्प होतो. फोनवरच्याला कुठलं वळण दिसायला! तेव्हापासून ह्यांना फोन लावला की मी आधी विचारते, "चालवताय का?" हो म्हणाले की कोथिंबीर राहिली तरी चालेल, ठेवते.

काय? भाऊजींचे बॉस असं ठेवणार नाहीत? मग "दोन मिनिटांत करतो" एवढंच सांगायला हेडसेट, आणि पुढचं सगळं एखाद्या हॉटेलपाशी गाडी थांबवून, चहा मागवून. बॉसना चहाचं सांगू नका म्हणावं.

जा पुतण्याकडेच, कमी करेल. फक्त बिल पक्कं घ्या, वॉरंटीला तेच लागतं. आणि माझं नाव सांगा. नको, राहू दे, नका सांगू. मागच्या कव्हरचे पैसे द्यायचेत अजून माझे.