डोंगल काही बोलंना

अडोबीनं पेजमेकरला केव्हाच नारळ दिला. सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्यानं अजून दिलेला नाही. १९८५ साली ऑल्डस कंपनीनं काढलेलं हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर १९९४ मध्ये अडोबीच्या पदरात पडलं. २००१ मध्ये त्याची सातवी आणि शेवटची आवृत्ती आली. पुढं इनडिझाइन रुळलं, युनिकोडही रुळलं. तिथल्या डीटीपीवाल्याला त्याचं सोयरसुतक नाही. त्याच्याकडं वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका जुन्या फॉन्टात पडून आहेत. थोरल्याची उघडायची, नाव बदलून धाकट्याची करायची, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ तेवढं जागेवर ठेवायचं.

अशाच एका दुकानात पुण्याचा भाचा मॅकबुक घेऊन उतरला.

“मामा, तुमचा तो डबा आता भंगारात घाला.”

“आणि ह्यात पेजमेकर चालंल?”

“पळंल!”

भाचा खोटं बोलत नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलनं इंटेलची साथ सोडायला सुरुवात केली आणि एम१ ही स्वतःची चिप आणली. ती एआरएम घराण्यातली. पेजमेकर मात्र इंटेलच्या जुन्या वळणाचं. म्हणून भाच्यानं मॅकवर विंडोज चालवणारं पॅरलल्स टाकलं, त्यात एआरएमसाठीचं विंडोज ११ बसवलं. फेब्रुवारी २०२३ पासून मायक्रोसॉफ्टचीही या जोडीला अधिकृत मान्यता आहे. आता मॅकच्या पोटात विंडोज, विंडोजच्या पोटात पेजमेकर. पेजमेकर इंटेलच्या भाषेत हुकूम सोडतं, विंडोज त्याचं एआरएममध्ये भाषांतर करतं आणि पुन्हा लागेल म्हणून जपूनही ठेवतं.

पेजमेकर उघडलं. मामांनी चहा सांगितला.

मग भाच्यानं फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल खोचलं. मराठी टायपिंगची कित्येक पॅकेजं अशी कुलपासकट विकली जात. हे बोटाएवढं कुलूप संगणकाला दिसल्याशिवाय पुढं काही हलत नाही. डोंगलशी बोलायला ड्रायव्हर लागतो आणि तो विंडोजच्या थेट गाभ्यात बसतो. प्रोग्रॅमचं भाषांतर होतं, अशा ड्रायव्हरचं होत नाही. तो एआरएमसाठी मुळातूनच बनवलेला लागतो. सगळं वऱ्हाड मांडवात आणि नवरदेव वेशीवर, असा प्रकार झाला.

“अरं, पर लाइट लागलीय की त्याची!” मामा म्हणाले.

लागली होतीच. वीज पोचत होती, ओळख पटत नव्हती.

भाचा हटेना. पॅरलल्सनं जानेवारी २०२५ मध्ये प्रायोगिक सोय आणली : इंटेलचा अख्खा संगणकच सोंग घेऊन उभा करायचा आणि त्यात इंटेलचंच विंडोज चालवायचं. नुसतं विंडोज उघडायलाच दोन ते सात मिनिटं लागतात, हे कंपनीनंच सांगून ठेवलेलं. वर त्या पहिल्या खेपेत यूएसबीला प्रवेश नव्हता. म्हणजे डोंगल पुन्हा बाहेरच.

तेवढ्या वेळात मामांनी जुन्या डब्यावरचं फडकं काढलं आणि एक पत्रिका लावून मोकळे झाले.

तेव्हा मॅककडं डोळा असलेल्या डीटीपीवाल्यांनी चिपचा वेग मागाहून बघावा. आधी डोंगलचा एआरएम ड्रायव्हर निघालाय का, ते विक्रेत्याला विचारावं. नसेल, तर जुन्या फायली सवडीनं युनिकोडमध्ये आणाव्यात आणि तोवर डबा भंगारवाल्याच्या नजरेलाही पडू देऊ नये.