केंदाळ आणि कोल्हापूरकर

कोल्हापूरच्या माणसाला रंकाळ्याबद्दल काही सांगायला जाऊ नये. तोच आपल्याला सांगत सुटतो. अंबाबाईच्या देवळाचा दगड इथल्या खाणीतून काढला, पुढे भूकंप झाला, खाण खचली आणि पाणी भरून तळं झालं, ही आख्यायिका तो अशी रंगवतो की भूकंपाच्या दिवशी गडी काठावर भेळ खात होता की काय, असं वाटावं. शालिनी पॅलेससमोर कुठल्या सिनेमाचं शूटिंग झालं, पाणी उतरलं की संध्यामठ कुठवर उघडा पडतो, सगळं तोंडपाठ. फक्त त्याच्या मोरीचं पाणी कुठं जातं, एवढंच विचारू नये.

रंकाळ्यावर जीव एवढा, की आपण त्यात कपडे धुतले, म्हशी डुंबवल्या, निर्माल्य सोडलं. राहिलेलं नाल्यांनी पाहिलं. सांडपाण्यातून नत्र आणि फॉस्फरस फुकटात मिळू लागल्यावर कधी हिरवं शेवाळ माजलं, कधी केंदाळ. लांबून बघितलं तर हिरवागार गालिचा, वर जांभळी फुलं. पाहुणे फोटो काढतात. खालच्या माशांना ना ऊन मिळतं, ना धड हवा. पण त्यांचा फोटो कोण काढतो?

मग रविवारचं श्रमदान ठरतं. श्रमदानाला तीन प्रकारची माणसं येतात. पहिली, पाण्यात उतरणारी. ही बहुधा तालमीतली पोरं. शेजारच्या पेठेतली पोरं आलीत असं कळलं की यांचा वेग वाढतो. फुटबॉलच्या मैदानावरचं भांडण केंदाळाच्या ढिगाऱ्याच्या उंचीवर मिटवायचा प्रयत्न होतो. दुसरी, काठावरून सूचना करणारी. ‘मुळातनं वड, भावा, मुळातनं!’ ही वाक्यं पांढऱ्या बुटांतून येतात. तिसरी, ज्यांच्यामुळे काम प्रत्यक्षात होतं. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी आधीच बजावलं होतं, ‘मी येतो, पण चिखलात उतरणार न्हाई.’ आल्या, आणि तासाभरात गुडघाभर चिखलात उभ्या राहून पोरांनाच दम देत होत्या.

केंदाळ हाताला लागतं तेव्हा त्याची हुशारी कळते. देठ फुगलेला, आत हवा भरलेली, म्हणून तरंगतं. खाली काळ्या झुबकेदार मुळ्या. त्यात गोगलगायी, गाळ, गुटख्याची पुडी, एखादी तुटकी बांगडी. एक रोप ओढलं की आडव्या धावत्या खोडांनी जोडलेली दहा रोपं मागोमाग येतात. आणि वजन! या झाडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणजे आपण घाम गाळून ट्रॉलीत भरतो ते बरंचसं तळ्याचंच पाणी.

काम झालं की मंडळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जातात. ओठांवर फेसाची मिशी, मनात विजय. तिथं एखादा मास्तर हिशेब मांडतो आणि दुधाची चवच घालवतो. हवामान आणि खाद्य मनासारखं मिळालं की केंदाळ पंधरवड्यात दुप्पट होतं. म्हणजे अर्धा भाग साफ करून आपण दोन आठवडे निवांत बसलो, की उरलेलं अर्धं पुन्हा सगळ्यावर पसरतं. शिवाय गाळात पडलेलं बी पंधरा-वीस वर्षं जीव धरून राहतं. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी निघालेल्या या पाहुण्याने बंगालला असं छळलं की तिथं १९३६ साली त्याच्याविरुद्ध खास कायदाच करावा लागला. कायदा जुना झाला. केंदाळ ताजंच आहे.

मग श्रमदान फुकट गेलं म्हणायचं? मला तसं वाटत नाही. घरचा गणपती पाण्यात सोडायचा तर वाहत्या नाहीतर तळ्याच्याच पाण्यात, अशी पक्की समजूत असलेली घरं आज मूर्ती दान करतात, काहिलीत विसर्जन करतात किंवा इराणी खणीकडे जातात. निर्माल्याची वेगळी पिशवी घेऊन येतात. हे एका फलकाने झालेलं नाही; वर्षानुवर्षं काठावर उभं राहून हात जोडणाऱ्या, प्रसंगी शिव्या खाणाऱ्या माणसांनी केलं. केंदाळाचंही तसंच. ज्याने एकदा त्या काळ्या मुळ्या ओढल्या, तो पुढे पुलावरून जाताना गाडी थांबवून नाल्यात वाकून बघतो. फेसाळ पाणी दिसलं की तक्रार करतो आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवतो. दर महिन्याला त्याच टेबलापुढे जाऊन उभा राहतो. पांढऱ्या बुटांपेक्षा अधिकारी या माणसाला जास्त भितात.

कोल्हापुरात एके काळी पुष्कळ तळी होती. कपिलतीर्थात आज भाजी मंडई आहे आणि वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. रंकाळा मोठा, म्हणून तगला. तेव्हा रविवारी श्रमदानाला जरूर या, दूधही प्या. पण सोमवारी सकाळी आपल्या मोरीचं पाणी कुठं जातं, तेवढं एकदा शोधा.