वटार राज्य विद्यापीठ : एक मसुदा

वसई तालुक्यातल्या आमच्या वटारला राज्य विद्यापीठ मिळालं पाहिजे, ही मागणी मी आज या सदरातून रीतसर नोंदवतो. गावात सरकारी महाविद्यालय नाही, मग विद्यापीठ कशाचं करणार, असं विचारणारे भेटतीलच. त्या मंडळींना कायद्याची ताकद ठाऊक नाही. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा आम्ही रात्री वाडीत झोपलो आणि सकाळी महानगरात उठलो. विहीर तीच, चिखल तोच, पानवेलही जिथल्या तिथे. पुढे २०११ मध्ये सरकारने २९ गावं पालिकेतून वगळली, प्रकरण उच्च न्यायालयात अडकलं, आणि २०२४ मध्ये सरकारने ती आतच ठेवायचं ठरवलं. गावं एक फूटही हलली नाहीत. जागेवर बसून एवढा प्रवास केलेल्या तालुक्याला विद्यापीठ काय जड आहे?

शिवाय दाखले आहेत. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सीओईपी, घ्या. बांधकाम खात्याला हाताखालची शिकलेली माणसं हवी होती म्हणून १८५४ मध्ये निघालेला तो वर्ग. विश्वेश्वरय्या तिथलेच. विधिमंडळाने कायदा केला आणि २०२२ मध्ये त्याचं विद्यापीठ झालं. खरं सांगायचं तर तिथे कायदाच उशिरा पोहोचला. नोकरी देणारा ‘सीओईपीचे का?’ एवढंच विचारायचा. पदवीपत्रावर पुणे विद्यापीठाचं नाव आहे हे पदवीधराच्या आईलाच काय ते माहीत. राजेळी केळ्यांची सुकेळी व्हायला ऊन खावं लागतं. सीओईपीने १६८ वर्षं खाल्लं. बाकीच्या ठिकाणी हिरव्या घडालाच ‘सुकेळी’ अशी चिठ्ठी बांधायची घाई असते.

मुंबईत २०१९ मध्ये चार सरकारी संस्थांची मोट बांधून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. त्यात इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे, सिडनहॅम आहे, एल्फिन्स्टन आहे. भाभा स्वतः एल्फिन्स्टन आणि इन्स्टिट्यूट, दोन्हीकडे शिकलेले, तेव्हा नावाबद्दल तक्रार नाही. गंमत अशी की एल्फिन्स्टन हे मुंबई विद्यापीठाहून वयाने मोठं. म्हणजे थोरला भाऊ दीडशेहून अधिक वर्षं धाकट्याकडून गुणपत्रिका घेत होता. जे. जे. कला महाविद्यालयाचं राज्य विद्यापीठ करायचं की अभिमत, यावरही बराच वाद रंगला. २०२३ मध्ये त्याने अभिमत दर्जा घेतला.

सगळ्यांनाच मोठ्या विद्यापीठाच्या हाताखालून सुटायचं आहे, आणि का, ते नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला विचारा. गुणपत्रिकेत नाव चुकलं की मुंबई विद्यापीठाचं कलिना गाठायचं. विरार फास्ट सांताक्रूझला थांबत नाही, म्हणून अंधेरीला उतरून स्लो पकडायची. परीक्षा भवनात खिडकी सापडते तेव्हा तिथे जेवणाची सुट्टी झालेली असते. तलासरीच्या पोराचं आणि सावंतवाडीच्या पोरीचं विद्यापीठ एकच. सात जिल्हे, शेकडो कॉलेजं, एक खिडकी.

पण यात मुंबई विद्यापीठाचा फारसा दोष नाही. त्याचा जन्मच तसा. १८ जुलै १८५७ रोजी तेही कायद्यानेच जन्मलं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. स्वतःचे शिकवणारे विभाग निघायला पुढचं शतक उजाडावं लागलं. परीक्षा हेच ज्याचं मूळ काम, त्याच्यासाठी २०१६ मध्ये नवा कायदा झाला : निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत. हा कायदा १ मार्च २०१७ रोजी अमलात आला. त्याच उन्हाळ्यात उत्तरपत्रिका संगणकावर तपासायची टूम निघाली. निकाल रखडले, राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही उलटली, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना घरी जावं लागलं. कॉलेजाचं विद्यापीठ एका अधिसूचनेत होतं, बी.कॉम.चा निकाल मात्र कायद्याला जुमानत नाही.

सुटलेले पुढे काय करतात, हे लोणेऱ्याने दाखवलंच आहे. १९८९ च्या कायद्याने तिथे तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं, कुणाच्या हाताखाली नसलेलं, सुटसुटीत. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरची अभियांत्रिकी महाविद्यालयं संलग्न करून घेता येऊ लागली. सुनेची सासू झाली. आणखी पन्नास वर्षांनी लोणेऱ्यातून सुटण्यासाठी कायदे होतील, आणि मी नसलो तरी हे सदर चालू असेल.

तर आता आमचा मसुदा. कलम १, नाव. यावर वाद ठरलेला, म्हणून हे कलम पावसाळी अधिवेशनात आणि उरलेली हिवाळी अधिवेशनात घ्यावीत. कलम २, बोधचिन्ह : पानवेल की केळीचा घड, हे ठरवायला समिती. बोधवाक्य संस्कृतात, म्हणजे कुणाला जाब विचारता येणार नाही. कलम ३, कुलगुरू, कुलसचिव, त्यांच्या गाड्या, आणि गाड्या जाव्यात म्हणून रस्ता. (गावाला या कायद्यातून काही मिळालंच तर ते हेच.) कलम ४, आमच्या कादोडी बोलीचं अभ्यास मंडळ, सदस्यांना ती बोली येण्याची अट नाही.

कलम ५, अध्यापक. पूर्णवेळ पदं ‘आकृतिबंध मंजूर झाल्यावर’ भरली जातील, तोवर तासिका तत्त्वावर. ही माणसं तुम्ही पाहिली आहेत. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मध्ये वडापाव. नेट, सेट, पीएच.डी. सगळं झालेलं, तास घेतला तर पैसे, गणपतीची सुट्टी पडली की तेवढे कमी, आणि मे महिन्यात पगार शून्य. महाविद्यालय असताना ते शिकवत होतेच. विद्यापीठ झाल्यावर तेच, तेवढ्याच पैशांत, तोच धडा शिकवणार. फक्त त्यांच्या मागच्या भिंतीवरचा बोर्ड मोठा होईल.

कलम ६ मात्र मी चेष्टेत लिहिलेलं नाही, आणि आमदार साहेबांनी ते विधानसभेत जसंच्या तसं मांडावं ही विनंती. यापुढे राज्यात ज्या कुठल्या सरकारी महाविद्यालयाचं विद्यापीठ होईल, तिथली मंजूर अध्यापकपदं पूर्णवेळ भरल्याखेरीज कुलगुरूंची नेमणूक करू नये. वटारची पाळी शेवटी आली तरी आमची हरकत नाही.