साडूभाऊंचं अंदमान

आमचे साडूभाऊ ऑडिटमध्ये नोकरीला. खिशात हात घालतात तो रुमालासाठी. गेल्या दिवाळीत फराळ चालू असताना त्यांनी जाहीर केलं, "यंदा अंदमान. चौघं जाऊ. मासेमारी, डायव्हिंग, सगळं. स्वस्तात." शेवटचा शब्द ऐकून माझ्या बायकोनं तोंडाशी नेलेली चकली परत ताटलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी डायरी निघाली. 2014 ची, कुणीतरी फुकट दिलेली, वरून रबरबँड. प्रत्येक पानावर फूटपट्टीनं आखलेले तीन रकाने: 'खर्च', 'टाळता येईल' आणि 'वसुली'. लक्षद्वीप पहिल्याच पानावर बाद झालं होतं. "आपल्याच देशात फिरायला परवाना काढा, वर त्याचे पैसे भरा?" अंदमानात आपल्याला तो लागत नाही, एवढ्यावर त्या बेटांची निवड झाली. निसर्गसौंदर्याला रकाना नव्हता.

हॅवलॉकचं 2018 मध्ये स्वराज द्वीप झालं आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम. साडूभाऊंनी दोन्ही गावांची दोन्ही नावं कंसानं जोडून ठेवली, न जाणो एकाच गावाचं भाडं कुणी दोनदा लावायचा. प्रवास चेन्नईहून जहाजानं ठरला. सुमारे तीन दिवस लागतात. "म्हणजे तितक्या रात्रींचं लॉज वाचलं! बंकचं तिकीट काढू." ताईंनी भाजी निवडता निवडता एवढंच म्हटलं, "मी विमानानं जाते. तुम्ही या सावकाश, पोहत आलात तरी चालेल." विमानाची तिकिटं निघाली. हा खर्च 'टाळता येईल'मध्ये आजही आहे, समोर ताईंचं नाव आहे.

तिथे सूर्य लवकर मावळतो, हिवाळ्यात पाच-सव्वापाचलाच. बेटं इतकी पूर्वेला असून घड्याळ आपलंच, त्याचा हा परिणाम. ऐकून दुसरा कुणी हिरमुसला असता. साडूभाऊंनी लगेच संध्याकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण एकत्र केलं.

डायव्हिंगवाल्यानं फोनवर दर सांगितला: नवशिक्यांना जास्तीत जास्त बारा मीटर, अर्धा तास, साडेतीन हजार. डायरीत आकडा पडला, मिनिटाला 116 रुपये 67 पैसे. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो हे कळल्यावर ते जरा निवळले. दाब दुप्पट आणि भाव तोच, यात त्यांना काहीतरी पदरात पडल्यासारखं वाटलं. पण पाण्याखालून आल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो, हे ऐकून ते उसळले. त्यांनी डायव्हिंग शेवटच्या दिवशी टाकलं होतं. "नायट्रोजनसाठी मी एक दिवसाचं भाडं भरू?"

मासेमारीचं फोनवरचं बोलणं मी कानानं ऐकलं आहे.

"केवढा लागतो मासा?"

"जायंट ट्रेव्हली वीस-तीस किलोचीही लागते, साहेब."

"कापून देता का?"

"नाही साहेब. फोटो काढून परत सोडतो."

साडूभाऊंनी फोन कानापासून लांब धरून पाहिला. मग म्हणाले, "फोटो मी ठाण्याच्या मासळी बाजारात सुरमईचा काढतो. फुकट." गळ डायरीतच राहिला.

निघायच्या आधीच्या रविवारी गेलो तर साडूभाऊ बाल्कनीत, पुतण्याचा मास्क लावून बादलीत तोंड घालून बसलेले. मिशीपाशी मास्कची कड चिकटेना, तिथून पाणी शिरे. त्यांनी मिशीला व्हॅसलीन थापलं होतं आणि ती दोन्ही टोकांनी चमकत होती. "काढून टाका ना ती," ताई म्हणाल्या. "ही लग्नाआधीची आहे," साडूभाऊ बादलीतून वर येत म्हणाले.

शेवटी आम्ही गेलो. उतरण्यापूर्वी प्रशिक्षक हाताच्या खुणा समजावत होता. साडूभाऊ तेव्हा त्याच्या मदतनिसाशी फोटोंच्या दरावरून घासाघीस करत होते. खाली मी माझ्या प्रशिक्षकाबरोबर शेजारीच होतो. पाणी निळं, शांत, आणि साडूभाऊ मनगटातल्या घड्याळावरची नजर काढेनात. एवढ्यात एका कपारीतून हातभर लांबीचं हेकरू बाहेर आलं. आजवर बर्फावर आडवं पडलेलंच पाहिलं होतं त्यांनी, इथे ते त्यांच्याकडे बघत होतं. साडूभाऊ घड्याळ विसरले. त्यांनी माशाकडे बोट दाखवलं आणि आनंदानं अंगठा वर केला. प्रशिक्षकानं खुणेनं पुन्हा विचारलं. साडूभाऊंनी दोन्ही अंगठे वर केले.

पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'.

अकराव्या मिनिटाला ते बोटीत होते. भांडून काही हाती लागलं नाही. मी वर येईपर्यंत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून डायरी काढून, ओल्या बोटांनी रबरबँड सोडवून नोंदही केली होती. 'खर्च': अंगठा, 19 मिनिटं, 2,216 रुपये 67 पैसे. 'टाळता येईल': होय. आणि 'वसुली'च्या रकान्यात माझं नाव, कारण मी शेजारी असून हात धरला नाही.