तिसऱ्या घंटेचे आप्पा

जळगाव आणि धुळे या खानदेशातील दोन शहरांच्या सांस्कृतिक जीवनाविषयी जे लिहिले जाते, त्यात कलावंत, संस्था आणि आश्रयदाते यांचा परामर्श यथास्थित घेतलेला असतो; परंतु ज्याच्यावाचून यांपैकी कोणाचेही पान हलत नाही, त्या चौथ्या घटकाची दखल सहसा घेतली जात नाही. पन्नाशी ओलांडलेल्या प्रतिष्ठित मनुष्यास या भागात नाना, आबा, तात्या, अण्णा किंवा आप्पा यांपैकी एखादे संबोधन लाभतेच. म्हणून प्रस्तुत विवेचनात या घटकास सोयीसाठी 'आप्पा' म्हटले आहे. शहरातील प्रत्येक कार्यक्रमास जो उपस्थित असतो आणि कोणत्याही कार्यक्रमाचे तिकीट जो काढत नाही, तो आप्पा, अशी त्याची व्याख्या करता येईल. व्याख्येचे हे दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. कारण केवळ पहिले लक्षण ज्याच्या ठिकाणी आढळते तो सधन रसिक होय, केवळ दुसरे आढळते तो सर्वसाधारण नागरिक होय, आणि दोन्हींचा संगम होण्यास एक विशिष्ट साधना लागते.

आप्पा बहुधा जिल्हा परिषद, शाळा, बँक किंवा एसटी यांपैकी कोठून तरी निवृत्त झालेले असतात. सकाळी वर्तमानपत्र हाती आल्यावर इतर लोक पहिले पान वाचतात आणि त्यांच्या वयाची मंडळी निधनवार्ता पाहतात. आप्पा मात्र 'आज शहरात' या चौकटीपासून वाचनाला आरंभ करतात. त्या चौकटीतील नोंदी लाल पेनाने अधोरेखित करून संध्याकाळचा क्रम ठरविला जातो: साडेपाचला कांताई सभागृहात पुस्तक प्रकाशन, साडेसहाला छत्रपती संभाजी राजे नाट्यगृहात गायन, आणि मधल्या वेळात, वाटेतच आहे म्हणून, भाऊंच्या उद्यानात एखादे चित्रप्रदर्शन. प्रकाशनाच्या ठिकाणी चहा आणि बिस्किटे असतात, गायनाच्या ठिकाणी केवळ चहा असतो आणि प्रदर्शनात उद्घाटनाच्या दिवशीच पेढा मिळतो, ही माहिती पत्रिकेत छापलेली नसली तरी आप्पांना मुखोद्गत असते. जळगाव आणि धुळे यांमधील सुमारे नव्वद किलोमीटरचे अंतर, म्हणजे एरंडोल आणि पारोळा मागे टाकीत जाणारा महामार्ग, हीसुद्धा त्यांच्या रसिकतेला अडचण वाटत नाही. पासष्ट ते पंचाहत्तर या वयोगटाला एसटीत निम्मे भाडे पडते आणि २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील नागरिकांना प्रवास मोफतच झाला; त्यामुळे आपल्या वाढत्या वयाकडे मनापासून उत्सुकतेने पाहणारा खानदेशातील हा कदाचित एकमेव मनुष्य असावा.

आप्पांच्या स्वाभिमानाला इतिहासाचा भक्कम आधार आहे आणि तो सांगण्याची संधी ते वाया घालवीत नाहीत. नारायण नरसिंह फडणीस यांनी केवळ कवितेला वाहिलेले 'काव्यरत्नावली' हे मासिक १८८७ मध्ये जळगावात सुरू केले आणि ते १९३५ पर्यंत चालविले, त्याचे नाव आजही शहरातील एका चौकास आहे. १९०७ मध्ये जळगावात भरलेल्या महाराष्ट्र कवी संमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोरवयीन मुलाने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यास 'बालकवी' म्हणून गौरविले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जळगावात १९३६ मध्ये माधव जूलियन यांच्या आणि १९८४ मध्ये शंकरराव खरात यांच्या अध्यक्षतेखाली भरले, धुळ्यात ते १९४४ मध्ये मामा वरेरकरांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि अमळनेरात २०२४ मध्ये भरले, तेव्हा आप्पा तिन्ही दिवस मंडपात होते. हा सारा तपशील आप्पा अचूक सांगतात. त्यांचे प्रतिपादन एवढेच असते की वाङ्मयाच्या इतिहासात अध्यक्षाचे नाव येते, कवीचे येते, स्वागताध्यक्षाचेही येते, परंतु टाळ्या वाजविणाऱ्यांचे येत नाही, आणि १९०७ च्या त्या मुलासमोर टाळ्या वाजविणारे कोणी बसलेच नसते तर मराठी कवितेचे काय झाले असते, याचा विचार संशोधकांनी केलेला नाही.

आता त्यांच्या साधनेचे मुख्य अंग जो 'पास', त्याकडे वळणे प्राप्त आहे. पास म्हणजे आयोजकाने किंवा प्रायोजकाने दिलेली विनामूल्य प्रवेशिका. प्रायोजक सराफ असो, बियाण्यांचा व्यापारी असो की सहकारी पतपेढी असो, त्याच्या वाट्याला आलेल्या प्रवेशिकांपैकी निम्म्या त्याच्या टेबलाच्या खणातच राहतात, हे अर्थशास्त्रीय सत्य आप्पांनी फार पूर्वी हेरले आहे, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते त्या दुकानात सहज डोकावतात, प्रकृतीची चौकशी करतात, पावसापाण्याविषयी बोलतात, आणि उठता उठता, जणू आत्ताच आठवले अशा स्वरात, "पास शे का हो भाऊ एखादा?" असे विचारतात. अहिराणीतील 'शे' म्हणजे 'आहे'. एरवी पुस्तकी मराठीत बोलणारे आप्पा हा प्रश्न मात्र अहिराणीतच विचारतात, कारण मातृभाषेत केलेल्या मागणीस नकार देणे खानदेशी मनुष्यास जड जाते.

पास न मिळाल्यास खरी परीक्षा असते, आणि तीत आप्पा तिसऱ्या घंटेच्या शास्त्राचा अवलंब करतात. नाट्यगृहात प्रयोगापूर्वी थोड्या थोड्या अंतराने तीन घंटा होतात आणि तिसऱ्या घंटेनंतर पडदा उघडतो. मुंबई-पुण्याकडील व्यावसायिक नाटक येते तेव्हा पहिल्या घंटेला आयोजकाचा चेहरा कठोर असतो, दुसऱ्या घंटेला तो रिकाम्या रांगा मोजू लागतो, आणि तिसऱ्या घंटेला, एवढ्या लांबून आलेल्या नटांपुढे रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून, दाराशी उभ्या असलेल्या परिचितांना तो आत घेऊ लागतो. आठवडे बाजारात दिवस मावळताना मेथीच्या जुडीचा जो भाव होतो, तोच तिसऱ्या घंटेला नाटकाच्या तिकिटाचा होतो, हे ज्ञान आप्पांपाशी असल्यामुळे ते पहिल्या दोन घंटा बाहेर चहाच्या टपरीवर शांतपणे काढतात. तेथे त्यांची नजर तिकीट खिडकीवर असते. रांग मोठी दिसली की त्यांचा चेहरा उतरतो आणि नाटक पडेल असे दिसले की त्यांना उमेद येते. मराठी रंगभूमीच्या उत्कर्षाने दुःखी होणारा असा रसिक अन्यत्र विरळाच.

सभागृहात प्रवेश मिळाल्यानंतरचे त्यांचे आचरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रथम एक रुमाल आणि एक पत्रिका अशा दोन वस्तूंनी दोन खुर्च्या राखल्या जातात, त्यांपैकी दुसरी खुर्ची कोणासाठी आहे हे अखेरपर्यंत उघड होत नाही आणि मध्यंतरानंतर त्या खुर्चीवर आप्पांची पिशवी विराजमान होते. आसन पाचव्या रांगेत, कडेला आणि पंख्याखाली निवडले जाते; पहिल्या रांगेतून मान्यवर आले की उठवतात आणि मागून अल्पोपाहाराची सोय कळत नाही, असा त्यामागे विचार असतो. दर जानेवारीत जळगावात होणाऱ्या बालगंधर्व संगीत महोत्सवात तर त्यांची मांडी हेच तबला-डग्ग्याचे स्थान होते. 'सम' म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, जिच्यावर गायक आणि तबलजी एकत्र येतात आणि जाणकारांची दाद उमटते. आप्पांची दाद समेच्या एक मात्रा आधी येते. त्यांचे हात वर जातात, मान झटक्याने खाली येते, तोंडून "क्या बात है" निघते, आणि त्यानंतर सम येते. याविषयी शेजाऱ्याने नापसंतीने पाहिल्यास, गायकच आज किंचित मागे आहे, असे ते हलक्या आवाजात समजावून सांगतात.

या रसिकतेचे ऋतुमान सांगितल्याशिवाय विवेचन पुरे होणार नाही. हिवाळा हा भरताचा हंगाम असतो. शेतात कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजून, ठेचून, कळण्याच्या भाकरीबरोबर, म्हणजे ज्वारी आणि उडदाच्या पिठाच्या भाकरीबरोबर, वाढण्याच्या या मेजवानीशी ज्या कविसंमेलनाची तारीख जुळलेली असते, त्यातील नवकवितेविषयी आप्पा अतिशय सहिष्णू असतात. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा त्यांच्या निवडीचा निकष विषय किंवा वक्ता हा नसून वातानुकूलन हा असतो. एरवी ज्यांनी कधी ओंजळभर माती हाती घेतली नाही असे आप्पा अशा दिवसांत मृदसंधारणावरील परिसंवादाची दोन्ही सत्रे पूर्ण ऐकतात आणि समारोपाच्या वेळी प्रश्नही विचारतात. पाहुण्यांना जैन हिल्सवरील गांधी तीर्थ दाखविण्याची कामगिरीही ते याच दिवसांत अंगावर घेतात. २०१२ मध्ये खुले झालेले हे गांधीजींच्या जीवनावरील संग्रहालय सावकाश पाहावे, घाई करू नये, असा त्यांचा आग्रह असतो, आणि तो बाहेरच्या उन्हाच्या प्रमाणात वाढत जातो.

असा मनुष्य चिक्कू असतो, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. परंतु तो चुकीचा आहे. गणेशोत्सवाची वर्गणी आप्पा देतात, पावती नीट जपून ठेवतात आणि रथोत्सवाच्या देणगीसही नाही म्हणत नाहीत. त्यांचा विरोध पैशाला नसून तिकिटाला आहे, आणि त्याचे मूळ या प्रदेशाच्या परंपरेत शोधावे लागते. कार्तिकी एकादशीस जळगावात निघणारा श्रीरामाचा रथ १८७२ पासून गावाच्याच खांद्यावर चालत आला आहे. त्याचे दोर ओढणाऱ्यांना किंवा चाकाखाली मोगरी, म्हणजे रथाला वळण देणारी व थांबविणारी लाकडी पाचर, लावणाऱ्यांना कोणी तिकीट विचारीत नाही. श्रावणात कानबाईच्या जागरणाला रात्रभर गाणी होतात, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर गुलाबाईची गाणी म्हणतात आणि झाकलेली खिरापत ओळखतात, डफाच्या तालावर समूहाने कथा गाण्याचा 'वही' हा प्रकार देवळाच्या ओट्यावर चालतो, आणि यात्रेतील तमाशाची सुपारी गाव वर्गणीतून देते. या सर्वांत ऐकणारा आणि गाणारा यांच्यामध्ये खिडकी नाही. वर्गणी देणारा उत्सवाचा धनी असतो, तिकीट काढणारा केवळ गिऱ्हाईक असतो. आणि घरच्याच कार्यात गिऱ्हाईक होणे आप्पांना कमीपणाचे वाटते. म्हणूनच राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावरील प्राथमिक फेरीचे नाममात्र तिकीटही त्यांच्या जिव्हारी लागते. चहाच्या दोन कपांना त्याहून अधिक पडते, हे त्यांना मान्य आहे, परंतु चहा आपण पितो, नाटकाला आपण बळ देतो, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

आप्पांच्या सौभाग्यवती, ज्यांना सारी आळी 'काकू' म्हणते, याच परंपरेच्या अधिक प्रामाणिक वारस आहेत. त्या भजनी मंडळात गातात, कानबाईचे रोट करतात, गुलाबाईच्या गाण्यांचे पाठांतर नातीकडून करवून घेतात आणि महिला मंडळाच्या कार्यक्रमाला जाताना खापरावरच्या पुरणपोळ्यांचा डबा सोबत नेतात. आप्पा कार्यक्रमातून खाऊन येतात आणि काकू कार्यक्रमाला खाऊ घालून येतात; दोघांपैकी संस्कृतीचे संवर्धन नेमके कोण करते, हा प्रश्न त्या घरात दर आठवड्यास निघतो आणि आप्पांना दुसऱ्या कार्यक्रमाला निघायचे असल्यामुळे अनिर्णित राहतो.

धुळ्यातील आप्पा हा याच जातीचा, परंतु किंचित गंभीर प्रकार होय. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरच्या दिवशी या शहरात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमविलेली रामदासी हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. अशा वातावरणात वाढल्यामुळे धुळ्याचा आप्पा गायनापेक्षा व्याख्यानाकडे वळतो आणि दाद देण्याऐवजी शंका विचारतो. त्याची शंका सरासरी वक्त्याच्या प्रास्ताविकाएवढी लांब असते, तीत प्रश्नचिन्ह नसते, आणि ती संपल्यावर वक्ता उत्तर देण्याऐवजी आभार मानतो.

आयोजक आप्पांविषयी पाठीमागे काहीही बोलोत, त्यांच्याशिवाय आयोजकांचे चालत नाही. पत्रिकेत सहाची वेळ असते, दीपप्रज्वलन सातला होते, आणि प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत असे टप्पे ओलांडून प्रत्यक्ष कार्यक्रम आठच्या सुमारास उभा राहतो. या दोन तासांत कामधंदा असलेला माणूस टिकत नाही आणि तिकीट काढलेला माणूस संतापतो. सत्काराच्या प्रत्येक हाराला टाळ्या वाजवीत, कंटाळ्याची एकही रेषा चेहऱ्यावर उमटू न देता बसून राहणे हे केवळ आप्पांना जमते. संस्थेच्या अहवालात 'उदंड प्रतिसाद' असे जे छापले जाते, त्याचा आधार त्यांचीच उपस्थिती असते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत अकरा मान्यवरांच्या नावांनंतर 'आदींसह रसिक मोठ्या संख्येने उपस्थित होते' असे वाक्य येते. त्यातील 'आदी' आपणच, असे आप्पा मानतात. छायाचित्रात प्रमुख पाहुण्यांच्या कोपरामागे जे अर्धे टक्कल दिसते, त्याभोवती लाल पेनाने वर्तुळ काढून ते कात्रण फाइलीत लावतात.

अलीकडे काही संस्थांनी 'देणगी प्रवेशिका' या सभ्य नावाखाली तिकिटाचा प्रयोग चालविला असून, त्यामुळे आप्पांचा वंश संपुष्टात येईल अशी भीती काहींनी व्यक्त केली आहे. परंतु ती निराधार होय. देणगी ऐच्छिक असते, हे आप्पांनी पहिल्याच संध्याकाळी दाराशी दाखवून दिले. तरीही एखाद्या कार्यक्रमास आप्पा खरोखर तिकीट हातात घेऊन प्रवेशद्वारी आलेच, तर आयोजकाने हुरळून न जाता त्या रात्री हिशेबाची वही एकदा नीट तपासावी. कारण त्या तिकिटाचे पैसे बहुधा खुद्द आयोजकाच्याच खात्यावर मांडलेले आढळतील.