सूचक श्री., अनुमोदक सौ.

रिसोडच काय, वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एखाद्या शिक्षणसंस्थेचं ठरावबुक चाळायला मिळालं, तर ठराव वाचत बसू नये. थेट खालच्या सह्यांवर जावं. सूचक श्री. अमुक, अनुमोदक सौ. अमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते होणारच. विरोध करून पुन्हा त्याच घरात जेवायला बसायचं आहे.

अध्यक्ष दादा, सचिव वहिनी, कोषाध्यक्ष धाकटा भाऊ. सदस्यांत साडू, मेहुणा आणि भाचा. सातवा कोणी तरी निवृत्त गुरुजी असतो, तो लेटरहेडला शोभा म्हणून. शाळा दादांच्या जागेत, भाडं संस्थेकडून. गाड्या मुलाच्या, गणवेश मेहुण्याच्या दुकानातून, सिमेंट भावाकडून. विचारलं तर उत्तर तयार: “बाहेरचा मानूस घेतला आन् त्यानं संस्थाच लाटली, तं? घरचे लोक हायेत म्हनून तं टिकली बाप्पा!”

यात थोडं खरंही आहे, हे मान्य करावं लागेल. विनाअनुदानित वर्षांत शिक्षकांचे पगार खिशातून देणारे, त्यासाठी वावर गहाण टाकणारे संस्थाचालक या भागात होऊन गेले. अडचण सुरू होते ती अनुदान आल्यावर. खिसा तोच राहतो, पैशाची दिशा फिरते.

कायदा झोपला होता असंही नाही. आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आहे आणि त्याखालचे १९५१ चे नियम आहेत. त्यातला १९ वा नियम ऑडिटरला सांगतो की अहवालात लिही: संस्थेच्या गुंतवणुकीत एखाद्या विश्वस्ताचा हितसंबंध आहे का? एखादा विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? पाच हजारांवरच्या बांधकामाला किंवा दुरुस्तीला निविदा मागवल्या होत्या का? अमेरिकेत धर्मादाय संस्थांना फॉर्म ९९० मध्ये हितसंबंधांचं लेखी धोरण आहे का हे सांगावं लागतं, याचं कौतुक आपले सल्लागार सेमिनारात करतात. आपला फॉर्म तर व्यवहाराबद्दलच विचारतो. फक्त त्यासमोर ‘नाही’ टाइप केलेलं असतं, आणि पुढच्या वर्षी तीच फाईल तारीख बदलून छापली जाते.

पहारा तर आणखी गमतीचा. संस्थेची इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीनं कुणाला भाडेपट्ट्यानं द्यायची, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पण संस्थेनं अध्यक्षांची जागा भाड्यानं घ्यायची असेल, तर हे कलम काहीच बोलत नाही. तिथं सूचक श्री. आणि अनुमोदक सौ. पुरतात. भाडं किती, हे दादांनीच दादांशी घासाघीस करून ठरवायचं. रिसोडच्या यार्डात सोयाबीनचं पोतंसुद्धा चार व्यापाऱ्यांसमोर हर्रास होऊन विकलं जातं.

आयकरवाले जरा जास्त चौकस. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १३ म्हणत आलं, संस्थेचा पैसा विश्वस्ताच्या किंवा त्याच्या नातेवाइकाच्या फायद्यासाठी वळला तर करमाफी धोक्यात. नातेवाईक म्हणजे कोण, याची यादी लिहिणाऱ्यानं आपल्याकडची दोन-चार लग्नं जेवलेली असावीत. बायको आहे, भाऊ-बहीण आहेत, मेहुणा-मेहुणी, साडू, सून, जावई, भाचा, पुतण्या, सगळे आहेत. यादीबाहेर राहिलेल्यांत आहेत व्याही आणि चुलतभाऊ. संस्थेच्या नव्या इमारतीचं कंत्राट व्याह्याला का मिळतं, हे कोडं ज्यांना पडलं असेल त्यांनी ही यादी एकदा वाचावी.

रिसोडला या विषयानं एकदा राष्ट्रीय बातम्यांत नेलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये ईडीनं तेव्हाच्या खासदार भावना गवळी यांच्याशी संबंधित संस्थांवर छापे घातले. महिला उत्कर्ष प्रतिष्ठान या न्यासाचं बनावट कागदपत्रांच्या आधारे कंपनीत रूपांतर केलं गेलं, असा ईडीचा आरोप होता. गवळींनी आरोप फेटाळले, आणि आरोप म्हणजे शाबिती नव्हे. विशेष म्हणजे या चौकशीच्या मुळाशी होती ती संस्थेतल्या अपहाराबद्दल खुद्द गवळींनीच रिसोड पोलिसांत दिलेली फिर्याद. टीव्हीवर चर्चा रंगली ती कुठल्या पक्षाला नोटीस येते आणि कुठल्या पक्षाला येत नाही, याची. न्यासाची कंपनी करायचं कोणत्या सभेत ठरलं, सभेला कोण बसलं होतं, सह्या कुणाच्या, हे प्रश्न कंटाळवाणे. त्यांना टीआरपी नाही.

उपाय फुकटात आहे. ज्याचा व्यवहार, त्यानं तो आधी सांगायचा, विषय निघाला की उठून बाहेर जायचं, आणि तसं प्रोसिडिंगमध्ये लिहायचं. हे मी एका संस्थाचालकांना सुचवलं. ते बराच वेळ बोटांवर हिशेब करत राहिले. जागेच्या भाड्याचा विषय निघाला की ते स्वतः बाहेर, मागोमाग वहिनी आणि भाऊ. गणवेशाला मेहुणा, बांधकामाला भाचा. साडूचं कँटीन, म्हणजे तोही व्हरांड्यात. आत उरले गुरुजी.

“मंग कोरमचं काय करायचं?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं.