लोणारला बघायला काय आहे?

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार म्हणजे बेसाल्टच्या कातळात उल्का आदळून झालेलं, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. अभयारण्य तर आहेच, २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. पर्यटक मात्र काठावर उभा राहून विचारतो, "बाकी काय आहे बघायला?" आणि मोबाइलची रेंज शोधतो.

२०२० च्या जूनमध्ये विवरातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा एकदम सगळ्यांना विज्ञानाची ओढ लागली. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची ही करामत, असं संशोधकांनी सांगेपर्यंत पाण्याचा रंगही उतरला आणि ओढही.

हल्ली 'आठवण' म्हणून दगड खिशात घालणारे भाविकही निघालेत. हजारो वर्षं टिकलेलं विवर खिशाखिशाने उचलू नका; न्यायचंच असेल तर आपलं वेफर्सचं पाकीट न्या.